फुकट दिलेल्या अवजाराचा भार कोणी वाहायचा?

द्राक्षबागेची छाटणी झाली की बांधावर काड्यांचा ढीग पडतो, आणि ज्याला नवी बाग धरायची असते असा शेजारी त्यातून पक्व, चांगल्या डोळ्यांच्या काड्या निवडून घेऊन जातो. तासगाव तालुक्यात हा व्यवहार इतका अंगवळणी पडलेला आहे की, त्याला व्यवहार म्हणावे असेही कोणाला वाटत नाही. काडी देणारा पावती मागत नाही आणि घेणारा हमीपत्र मागत नाही. पुढे त्या काडीवर धरलेल्या बागेत घड कमी निघाले किंवा डाऊनीने पीक गेले, तर काडी देणाऱ्यावर दावा लावावा असा विचारही कोणाच्या मनाला शिवत नाही. याच तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस या जातीतून निवड करून ‘तास-ए-गणेश’ हे वाण पुढे आणले आणि तासगावचे नाव द्राक्षाच्या शास्त्रात कायमचे नोंदले गेले. गंमत अशी की, ज्या थॉम्पसनच्या नावाने मूळ जात ओळखली जाते तोही तिचा निर्माता नव्हे. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात त्याने वाढवलेली ही वेल मुळात पश्चिम आशियातील सुलताना जातीची. एकाने दिले, दुसऱ्याने सुधारले, तिसऱ्याने पुन्हा वाटले, या क्रमाने जगातील बरेच मोलाचे ज्ञान वाढत आले आहे.

शेतीबाहेर, संगणकाच्या क्षेत्रातही, हीच रीत गेली चार दशके चालू आहे. तेथे मात्र काडी देणाऱ्याच्या मनात अलीकडे धास्ती निर्माण झाली आहे. आपण लिहिलेला आणि जगाला फुकट दिलेला प्रोग्राम उद्या आपल्याच अंगाशी तर येणार नाही ना, कोणा दूरच्या कंपनीचा वकील पेटंटभंगाची नोटीस तर धाडणार नाही ना, कोणी त्याचा दुरुपयोग केला तर पोलिस आपल्या दारात तर येणार नाहीत ना, असे प्रश्न चित्रफिती संपादित करण्याचे विनामूल्य सॉफ्टवेअर घडविणाऱ्यांना विशेषत्वाने भेडसावीत आहेत. प्रश्न वरकरणी मूठभर तंत्रज्ञांचा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर तासगावसारख्या गावातील कितीतरी माणसांच्या हातातील साधन अवलंबून आहे. म्हणून त्याचा विचार तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

हे साधन कोणाचे?

भाद्रपद शुद्ध पंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ निघतो. दोरखंडाने रथ ओढणारा जनसमुदाय पूर्वी वृत्तपत्रांच्या छायाचित्रांत दिसे. आता तो शेकडो हातांतील मोबाइलमध्ये टिपला जातो. लग्नाचे चित्रीकरण करणारा व्यावसायिक, औषध फवारणीचे वेळापत्रक चित्रफितीतून समजावणारा द्राक्ष-सल्लागार, मुलांसाठी धडे तयार करणारा शिक्षक, या सर्वांना चित्रण कापावे, जोडावे, त्यावर आवाज व अक्षरे चढवावी लागतात. या कामाची नामांकित सॉफ्टवेअरे दरमहा वा दरवर्षी भाडे मागतात. ते ज्यांना परवडत नाही त्यांना एकतर चोरीची प्रत वापरावी लागते किंवा केडेनलाइव्ह, शॉटकट, ओपनशॉट यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचा आश्रय घ्यावा लागतो. यांतील दुसरा मार्ग प्रामाणिकपणाचा आहे, आणि तो खुला राहणे हे समाजाच्या नीतीच्या दृष्टीनेही इष्ट आहे.

‘मुक्त’ हा शब्द येथे केवळ ‘फुकट’ या अर्थाचा नाही. या सॉफ्टवेअरची मूळ संहिता सर्वांना वाचता येते, तिच्यात बदल करता येतो आणि बदललेली प्रत पुन्हा वाटता येते. त्यासाठीचा परवाना एक अट स्पष्ट शब्दांत घालतो. वस्तू जशी आहे तशी देत आहोत, तिच्याबद्दल कोणतीही हमी नाही आणि तिच्या वापरातून झालेल्या नुकसानीस लेखक जबाबदार नाही. या क्षेत्रातील जवळजवळ प्रत्येक साधनाच्या पोटात एफएफएमपेग नावाचा एक समान गाभा आहे. चित्र आणि ध्वनी यांचे संक्षेपण करणे व ते पुन्हा उलगडणे हे त्याचे काम. २००० साली फ्रान्सचे फाब्रिस बेलार यांनी त्याची सुरुवात केली आणि पुढे अनेक देशांतील स्वयंसेवकांनी तो वाढविला. मोठमोठ्या कंपन्यांच्या सेवाही याच गाभ्यावर चालतात. फुकट दिलेल्या काडीवर कोट्यवधींच्या बागा उभ्या राहाव्यात, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच काडी देणाऱ्याच्या दायित्वाचा प्रश्न गंभीर होतो.

धास्ती निराधार नाही

चित्रपटाच्या यंत्रांचा आणि पेटंटांचा झगडा चित्रपटाइतकाच जुना आहे. अमेरिकेत १९०८ मध्ये एडिसन यांच्या पुढाकाराने कॅमेरा व प्रक्षेपण यंत्रांवरील पेटंटे एकत्र करून एक कंपनी स्थापन झाली. तिच्या परवानगीवाचून चित्रपट काढणे दुरापास्त झाले. १९१५ मध्ये तेथील न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदेशीर ठरविली. त्याच दशकात आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी परदेशी कॅमेऱ्याचा अभ्यास करून स्वतःचा कॅमेरा घडविण्याचा उद्योग चालविला होता. तासगावच्या शेजारी किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी परदेशी नांगर न्याहाळून देशी नांगर घडविण्याचा कारखाना थाटला होता. दक्षिण महाराष्ट्राच्या उद्योगशीलतेचा पाया अशा निरीक्षणातून आणि हातोटीतून घातला गेला. पाहून, समजून घेऊन, स्वतः घडविण्याचे हे स्वातंत्र्य आज संगणकाच्या क्षेत्रात कितपत उरले आहे, हा खरा प्रश्न आहे.

उदाहरणे बोलकी आहेत. एमपी-थ्री या ध्वनिपद्धतीवर पेटंटे बाळगणाऱ्या जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने १९९८ मध्ये विनामूल्य प्रोग्राम लिहिणाऱ्या अनेकांना पत्रे धाडली आणि त्यांतील काहींनी आपले काम आवरते घेतले. व्हर्च्युअलडब हा चित्रफीत संपादनाचा विनामूल्य प्रोग्राम एव्हरी ली या अमेरिकन तरुणाने विद्यार्थिदशेत लिहिला. २००० साली मायक्रोसॉफ्टने आपल्या पेटंटाकडे बोट दाखविताच त्याला एका विशिष्ट पद्धतीच्या फायली उघडण्याची सोय काढून टाकावी लागली. त्या पेटंटाचा खरेखोटेपणा कोणत्याही न्यायालयात तपासला गेला नाही. तशी वेळच आली नाही. एकट्या तरुणापाशी वकिलाला देण्याइतका पैसा नसतो, आणि नोटीस धाडणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. न्यायालयात न जाता कायदा असा आपले काम करून जातो.

लढण्याची ऐपत असली की चित्र कसे पालटते, तेही पाहण्यासारखे आहे. छायाचित्रे लावून ठेवण्याच्या ‘शॉटवेल’ या मुक्त प्रोग्रामवरून अमेरिकेतील एका पेटंटधारक कंपनीने २०१९ मध्ये ग्नोम फाउंडेशनवर दावा लावला. संस्थेने वर्गणी जमवून प्रतिदावा केला, तेव्हा २०२० च्या मे महिन्यात त्या कंपनीने माघार घेतली. दावा सोडला, एवढेच नव्हे तर मुक्त सॉफ्टवेअरविरुद्ध आपली पेटंटे वापरणार नाही अशी हमीही तिला द्यावी लागली. नॉर्वेतील यॉन योहानसेन या मुलाचे उदाहरण याहून हृदयस्पर्शी आहे. डीव्हीडीचे कुलूप उघडणारा प्रोग्राम १९९९ मध्ये प्रसिद्ध करण्यात त्याचा हात होता. तेव्हा त्याचे वय होते पंधरा. त्याच्यावर फौजदारी खटला झाला आणि २००३ मध्ये अपिलातही तो निर्दोष ठरला. परंतु निर्दोष ठरेपर्यंतची चार वर्षे त्याला कोण परत देणार?

मोजणीचाच घोळ

येथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेणे अगत्याचे आहे. आज बहुतेक मोबाइलमधील चित्रण एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीने साठविले जाते. यांतील पहिली पद्धत २००३ मध्ये व दुसरी २०१३ मध्ये प्रमाणित झाली. पहिलीवरील अनेक पेटंटांची वीस वर्षांची मुदत संपली आहे वा संपत आली आहे. दुसरीवरील बरीच अद्याप जिवंत आहेत. पहिल्या पद्धतीची पेटंटे एकत्र सांभाळणाऱ्या संस्थेने वर्षाला पहिल्या एक लाख प्रतींवर शुल्क नाही, त्यापुढे प्रत्येक प्रतीमागे अमुक सेंट, असा दर ठरविला होता. वरवर पाहता ही सवलत उदार वाटते. पण ज्या वस्तूची प्रत कोणीही, कोठेही, कितीही वेळा काढू शकतो, तिच्या प्रती मोजायच्या कोणी? कारखान्यातून बाहेर पडणारे संच मोजता येतात. बांधावरून नेलेल्या काड्या कोण मोजणार? मुक्त सॉफ्टवेअर आणि प्रतीमागे शुल्क या दोन कल्पना एकमेकींशी मुळातच जुळत नाहीत.

यावर काही तोडगे निघाले. सिस्को कंपनीने २०१३ मध्ये स्वतः घडविलेल्या प्रतींचे शुल्क आपण भरू असे जाहीर केले आणि त्या प्रती सर्वांना विनामूल्य दिल्या. परंतु त्याच संहितेतून एखाद्याने स्वतःच्या संगणकावर प्रत घडविली, तर तिला हे छत्र लाभत नाही. म्हणजे स्वातंत्र्य वापरले की संरक्षण गेले! एका कंपनीच्या औदार्यावर साऱ्या जगाचे साधन टांगून ठेवणे, ही काही कायद्याची व्यवस्था नव्हे.

आपला कायदा काय सांगतो?

भारतात या बाबतीत परिस्थिती युरोप-अमेरिकेहून काहीशी बरी आहे. तथापि निश्चिंत राहावे इतकी बरी नाही. १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३(क) चे सध्याचे रूप आले. त्यानुसार गणिती पद्धती, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम यांना पेटंट मिळत नाही. २००४ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने वटहुकूम काढून ही तटबंदी पोखरण्याचा प्रयत्न केला. उद्योगातील तांत्रिक उपयोग किंवा यंत्राशी जोड असलेल्या प्रोग्रामला पेटंट देण्याची वाट त्यात होती. २००५ मध्ये संसदेने कायदा करताना ती तरतूद वगळली. लोकप्रतिनिधींनी जाणीवपूर्वक घेतलेला हा निर्णय होता, आणि तो आजही कायद्याच्या पुस्तकात आहे.

मात्र ‘निव्वळ’ या एका शब्दावरून वाद चालूच राहिला. प्रोग्रामचा काही तांत्रिक परिणाम दाखवून दिला की पेटंटाचा दरवाजा किलकिला होतो, आणि चित्रांचे संक्षेपण हा तर तांत्रिक परिणामाचा ठळक नमुना म्हणून सांगितला जातो. २०१८ च्या जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने डीव्हीडीवरील सांकेतिक माहिती उलगडण्याच्या पेटंटाबाबत फिलिप्सच्या बाजूने निकाल दिला आणि डीव्हीडी यंत्रे जोडून विकणाऱ्या लहान व्यावसायिकांना प्रत्येक यंत्रामागे स्वामित्वशुल्क देण्यास फर्माविले. ते व्यावसायिक यंत्रे विकत होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु पेटंट कायद्याच्या ४८ व्या कलमात पेटंटधारकाला केवळ विक्री रोखण्याचा अधिकार नाही. बनविणे आणि वापरणे रोखण्याचाही आहे. ‘मी पैसे घेतले नाहीत’ हा बचाव त्या कलमात बसत नाही. एखाद्या तरुणाने संहिता लिहून प्रसिद्ध करणे म्हणजे पेटंट झालेली वस्तू ‘बनविणे’ होय काय, याचे सरळ उत्तर कायद्याच्या शब्दांत मिळत नाही. आणि जेथे शब्द मूक असतात तेथे धास्तीला वाचा फुटते.

लेखाधिकार कायद्याची गोष्टही अशीच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात ६५-अ हे कलम आले. अधिकारभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा त्यात आहे. ‘हेतू’ हा शब्द घालून आपल्या संसदेने अमेरिकेपेक्षा शहाणपणा दाखविला, यात शंका नाही. परंतु कायद्याला मान्य असलेल्या कामासाठी जो दुसऱ्याला कुलूप उघडण्यास साहाय्य करील, त्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि तपशील यांची संपूर्ण नोंद ठेवावी, असे त्याच कलमात म्हटले आहे. जगभर कोणीही उतरवून घेऊ शकेल असा प्रोग्राम लिहिणाऱ्याने ही वही कशी ठेवायची? अशक्य गोष्टीची सक्ती करणारी तरतूद प्रामाणिक माणसालाच तेवढी अडकविते.

ग्राहक संरक्षणाच्या बाजूने मात्र दिलासा आहे. २०१९ च्या कायद्यात सदोष उत्पादनाबद्दलच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले असले, तरी ‘ग्राहक’ म्हणजे मोबदला देऊन घेणारा, ही व्याख्या कायम आहे आणि विनामूल्य सेवा ‘सेवे’च्या व्याख्येतून वगळलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये डॉक्टरांना ग्राहक कायदा लागू केला, तेव्हाही सर्वांवर संपूर्ण मोफत उपचार करणारी रुग्णालये त्याबाहेर ठेवली होती. यात व्यवहाराचे शहाणपण आहे. लग्नाची चित्रफीत संपादन करताना नष्ट झाली, तर वधूपिता ज्याला पैसे मोजले त्या चित्रीकरण करणाऱ्याला जाब विचारील. परदेशात बसून फुकट प्रोग्राम लिहिणाऱ्याला नव्हे. पैसे घेणारा जबाबदार, हा निकष साऱ्यांना समजतो.

तिसरी धास्ती सरकारी हुकमाची. व्हीएलसी हा चित्रफिती पाहण्याचा विनामूल्य प्रोग्राम पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मला आणि आपल्याकडे तो घरोघरी पोहोचला. २०२२ च्या फेब्रुवारीपासून त्याचे संकेतस्थळ भारतात बंद झाले. घडविणाऱ्यांना ना पूर्वसूचना मिळाली, ना म्हणणे मांडण्याची संधी. त्यांनी कायदेशीर नोटीस दिल्यावर नोव्हेंबरात बंदी उठली. दरम्यान वापरणारे लोक अनधिकृत ठिकाणांहून प्रती घेण्याची शक्यता वाढली, आणि सुरक्षिततेला धोका असतो तो नेमका तेथेच. २०२६ च्या फेब्रुवारीत माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती होऊन कृत्रिमरीत्या घडविलेल्या चित्र-ध्वनीवर ठळक खूण लावण्याचे बंधन आले. सद्हेतूने केलेले नेहमीचे संपादन त्यातून वगळले आहे, हे योग्यच झाले. परंतु हे नियम मध्यस्थ सेवांना उद्देशून लिहिले आहेत. ज्याच्यापाशी ना सेवा आहे, ना ग्राहकांची यादी, अशा स्वयंसेवकाचे स्थान त्यात कोठे, हे स्पष्ट शब्दांत सांगितले जायला हवे होते.

दुसरी बाजू

या प्रश्नाला दुसरी बाजू नाही असे मुळीच नाही. संक्षेपणाच्या पद्धती शोधण्यासाठी वर्षानुवर्षे संशोधन आणि अफाट पैसा खर्च झाला आहे. त्याचा मोबदला शोधकाला मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. एखाद्या स्त्रीचा चेहरा भलत्याच चित्रफितीवर चढवून तिची बदनामी झाली, तर ‘अवजार फुकट होते’ हे तिला सांगणे क्रूरपणाचे होईल. आणि फुकट देतो म्हणून निष्काळजीपणाची मोकळीक असावी, हेही पटण्यासारखे नाही. दोष लक्षात आणून दिल्यावर तो लपविणारा लेखक क्षमेस पात्र ठरू नये.

पण या तिन्ही आक्षेपांचा रोख नीट पाहिला तर तो अवजार देणाऱ्याकडे वळत नाही. शोधकाचा मोबदला, जो त्या शोधावर यंत्रे आणि सेवा विकून नफा मिळवितो, त्याच्याकडून घ्यावा. बदनामीची शिक्षा ती करणाराला व्हावी. सुरी बनविणाऱ्या लोहाराला नव्हे. आणि निष्काळजीपणाचा निकष लावताना पगारी अभियंत्यांची फौज बाळगणारी कंपनी आणि रात्री नोकरीनंतर दोन तास संहिता दुरुस्त करणारा माणूस यांना एका तराजूत तोलणे हाच अन्याय होय.

अन्यायाचे खरे स्वरूप खटल्यांच्या संख्येत दिसत नाही. जे लिहिलेच गेले नाही त्यात ते दिसते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचा गट आहे. अशा गटातील एखाद्या मुलीला मराठी अक्षरे चित्रफितीवर नीट उमटत नाहीत म्हणून एखादा मुक्त प्रोग्राम दुरुस्त करावासा वाटला, तर तिने आधी वकिलाचा सल्ला घ्यावा काय? पेटंटभंगाचा दावा जिल्हा न्यायालयाखाली चालत नाही, आणि पेटंटच रद्द करा असा प्रतिदावा केला की प्रकरण उच्च न्यायालयात जाते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने सांगलीकरांची मुंबईवारी कमी झाली, हे खरे. पण पेटंटधारक बहुधा दिल्ली उच्च न्यायालयाचा रस्ता धरतात. तासगावहून दिल्लीला तारखेसाठी जाण्याच्या कल्पनेनेच ती मुलगी आपली दुरुस्ती स्वतःपाशी ठेवील. तिचे नुकसान होणार नाही. नुकसान मराठीचे होईल.

बियाण्याच्या कायद्याचा धडा

उत्तर शोधायला फार दूर जाण्याची गरज नाही. ते बांधावरच आहे. २००१ मध्ये संसदेने वनस्पतींच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा कायदा केला. वाण शोधणाऱ्याचा हक्क त्यात मान्य केला आहे. पण त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपल्या शेतातील उत्पन्न, बियाण्यासह, साठविण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला. ‘बियाणे’ या शब्दात पुन्हा वाढू शकणारा वनस्पतीचा भाग येत असल्यामुळे द्राक्षाची काडीही त्यात बसते. अपवाद एकच. पाकिटात भरून, नाममुद्रा लावून संरक्षित वाणाचे बियाणे शेतकऱ्याला विकता येत नाही. याच कलमात पुढे असे म्हटले आहे की, नोंदणीकृत वाणाचे बियाणे विकले गेल्यास त्यापासून किती उत्पन्न अपेक्षित आहे ते वाणाच्या पैदासकाराने सांगावे, आणि तसे न आल्यास शेतकऱ्याला नुकसानभरपाई मागता येईल. ४२ व्या कलमाने तर, हक्काची माहिती नसताना शेतकऱ्याच्या हातून तो भंगला, तर तो भंगच मानू नये, असे स्पष्ट केले आहे. पैदासकारावर हमी आणि वाटणाऱ्याला अभय, ही या कायद्याची चौकट आहे.

ती केवळ कागदावरची नाही. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातेतील बटाटा-उत्पादकांवर आपल्या नोंदणीकृत वाणाबद्दल दावे लावले आणि चौघांकडून प्रत्येकी एक कोटी पाच लाख रुपयांची भरपाई मागितली. देशभर संताप उसळला, कायद्याचे ३९ वे कलम पुढे करण्यात आले आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. कंपनीच्या नोंदणीचा वाद पुढेही चालला. २०२१ मध्ये प्राधिकरणाने ती रद्द केली, २०२४ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे वाणाचा हक्क टिकला आणि शेतकरीही दाव्यांतून सुटला. दोहोंना जागा देणारा कायदा करता येतो, याचा याहून चांगला दाखला कोणता?

या चौकटीशी तुलना करता पेटंट कायदा अपुरा ठरतो. त्याच्या १११ व्या कलमात अजाणता भंग करणाऱ्यावर भरपाई लादू नये असे आहे, पण अजाणतेपणा सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर आहे आणि मनाई हुकूम टळत नाही. १०६ व्या कलमात निराधार धमक्यांविरुद्ध दाद मागता येते. लेखाधिकार कायद्यातही तशी तरतूद आहे. पण दाद मागण्यासाठी आधी स्वतः दावा लावावा लागतो, आणि जो दाव्याच्या नावानेच घाबरला आहे त्याला हा उपाय म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचा सल्ला!

युरोपने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. २०२४ मध्ये तेथे संगणकीय उत्पादनांच्या सुरक्षिततेचा आणि सदोष उत्पादनांच्या दायित्वाचा असे दोन नवे कायदे झाले. प्रारंभीच्या मसुद्यावर स्वयंसेवी विकासकांनी मोठा आक्षेप घेतला होता. अखेरीस व्यापाराबाहेर विकसित होणारे मुक्त सॉफ्टवेअर दायित्वाच्या कायद्यातून वगळण्यात आले, आणि सुरक्षिततेच्या कायद्यात ते सांभाळणाऱ्या संस्थांना वेगळी, सौम्य कर्तव्ये देऊन दंडातून सूट मिळाली. जो ते सॉफ्टवेअर आपल्या विक्रीच्या वस्तूत घालतो, त्याने जबाबदारी उचलावी, असे हे सूत्र आहे. आपल्या बियाणे कायद्याने तेच सूत्र तेवीस वर्षे आधी सांगितले होते, हे आपल्याच लक्षात राहिलेले नाही.

काय करता येईल?

तेव्हा मागणी माफक आहे. पेटंट कायद्यात एक छोटे कलम घालून, मोबदला न घेता संहिता प्रसिद्ध करणे व वाटणे हा पेटंटभंग नव्हे, असे स्पष्ट करावे. त्या संहितेवर यंत्रे वा सेवा विकणाऱ्याचे दायित्व कायम राहावे. जेथे वाद असेल तेथे आधी सूचना आणि दुरुस्तीसाठी वाजवी मुदत, त्यानंतरच न्यायालय, असा क्रम असावा. लेखाधिकार कायद्यातील नोंदवहीची सक्ती सर्वसाधारण उपयोगाच्या साधनांना लागू करू नये. संकेतस्थळ बंद करण्यापूर्वी ते चालविणाऱ्याला सूचना व सुनावणी देण्याची पद्धत २००९ च्या नियमांत आहेच. ती अपवाद न राहता रिवाज व्हावी. आणि ज्या कंपन्या मुक्त सॉफ्टवेअरवर नफा कमावितात, त्यांनी त्याच्या सुरक्षिततेचा खर्च आपल्या वहीत लिहावा. तो स्वयंसेवकाच्या माथी मारू नये.

यातील एकाही मागणीने शोधकाचा हक्क बुडत नाही, पीडिताची दाद बंद होत नाही आणि सरकारचा एक पैसाही खर्च होत नाही. हवी आहे ती दातृत्व आणि व्यापार यांतील फरक ओळखण्याची दृष्टी. ती दृष्टी आपल्या संसदेने शेतकऱ्याच्या बाबतीत एकदा दाखविली आहे. द्राक्षाच्या काडीला कायद्याने जे अभय दिले ते संहितेच्या ओळीला नाकारण्याचे काही सबळ कारण दिसत नाही. कायद्याने एवढे जरी केले, तरी सांगलीतील ती विद्यार्थिनी आपली दुरुस्ती निर्धास्तपणे जगाला देईल, आणि पुढच्या रथोत्सवाच्या चित्रफितीवर मराठी अक्षरे नीट उमटतील.